गादीच्या पलीकडून

गादीत कापूस भरून झाला, तोंड शिवून झालं, की ती लाकडी चौकटीत भिंतीसारखी उभी करायची. एका अंगाला एक बाई बसणार, दुसऱ्या अंगाला दुसरी. मधे गादी, त्यामुळे एकीला दुसरीचं तोंड दिसत नाही. इकडचीने दीड वीत लांब सुई आरपार घालायची आणि म्हणायचं, "आली!" तिकडचीने टोक दिसलं की सुई ओढून घ्यायची, दोरा ताणायचा आणि म्हणायचं, "घेतली!" मग तिने चार बोटं सोडून सुई परत घालायची. "आली!" "घेतली!" एका गादीला असे दोनशे टाके. हे दोन शब्द विसरून कुणी सुई घातली, तर पलीकडे कापूस संपून हात कुठे सुरू झाला ते सुईला कळत नाही.

थोरली आणि धाकटी, दोघी जावा, अशा गादीच्या दोन अंगांना अडतीस वर्षं बसल्या. "आली" आणि "घेतली"च्या मधल्या जागेत त्यांनी सासूला नावं ठेवली, नवऱ्यांना ठेवली, मग दोघांच्या मागे त्यांच्या आठवणी काढून परत नावं ठेवली. भांडल्याही तिथेच. धाकटी हळू बोलायची पण नेमकं बोलायची. थोरलीच्या तोंडाचा पट्टा सुटला की पुढच्या दुकानात मुलगा गिऱ्हाईकाला म्हणायचा, "जरा थांबा, आई बोलतेय, ऐकू येणार नाही." समोरासमोर ज्या गोष्टी काढायची कुणाची छाती झाली नसती, त्या गादीआडून सहज निघायच्या.

गेली दोन वर्षं धाकटीच्या जागेवर नवी बसत होती. नवी म्हणजे कामाला ठेवलेली बाई. हाताला वाईट नव्हती, पण "आली" म्हटलं की "हं" म्हणायची. नुसतं "हं". थोरलीला वाटायचं, भिंतीशी लग्न लावलंय आपलं.

धाकटी असायची दाराशी, उजेडाला. जुन्या गाद्यांचा कापूस मोकळा करत, दोरे कापत. तिला ऐकू येत नव्हतं. सुरुवातीला एक कान गेला, मग दुसरा त्याच्या मागे गेला. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं, तर त्यात कापसाची बारीक तुसं जाऊन ते शिट्ट्या मारायला लागलं. "कानात रेल्वेचा गार्ड बसलाय," म्हणून तिने ते काढून बटणांच्या डब्यात टाकलं. आता तिला जेवायला बोलवायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन असं ओरडावं लागे की कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा हात धुऊन घेईल. म्हणून घरात खुणा चालत. तोंडाकडे हात म्हणजे जेवण. गालाला हात म्हणजे झोप. लिहून दाखवा म्हणाले डॉक्टर, पण लिहायचं कुणी आणि वाचायचं कुणी? दोघींची मिळून शाळा चार वर्षांची, त्यातली तीन थोरलीची, आणि त्या तिन्हींत ती सहीपुरतीच शिकली.

आणि थोरलीच्या पोटात एक गोष्ट अशी होती, जिला खूण नव्हती आणि जी ओरडून सांगण्यासारखीही नव्हती.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी धाकटी गिऱ्हाईकासमोर म्हणाली होती, "जाऊबाई, तुमची ही ओळ जरा वाकडी चाललीय." खरंच वाकडी होती. पण थोरलीने नाकावर कधी माशी बसू दिली नव्हती, आणि ही तर सख्खी जाऊ बसली येऊन, तीही चारचौघांत. थोरलीने तोंड मिटलं. सुई घालत राहिली, पण "आली" म्हणायची बंद झाली. पलीकडून धाकटी कापडाचा फुगवटा चाचपून टोक ओळखत होती. आठ टाके तिने तसे घेतले. नववी सुई तिच्या तळहातातून निघाली.

घरातले धावले. हळद, फडकं, डॉक्टर. जो तो म्हणायला लागला, "बिचारीला 'आली' ऐकू आलं नसणार. कान गेलेत तिचे." थोरली मूग गिळून बसली. चौथ्या दिवशी धाकटी बांधलेला हात घेऊन चौकटीपाशी आली. "माझे कान गेले म्हणतात, जाऊबाई. तुम्ही आता दुसरी बघा," असं म्हणून ती थोरलीच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. थोरलीने सुईत दोरा ओवायला घेतला.

तो दोरा तिला पाच वेळा ओवावा लागला होता, एवढं तिला आठवत होतं.

आता धाकटी चालली होती. तिची मुलगी येत्या शनिवारी गाडी घेऊन येणार होती आणि आईला कायमची आपल्याकडे नेणार होती. एका दिवसाच्या वाटेवर घर. मुलीने थोरलीला समजावलं, "काकू, तिथे कानाचा मोठा दवाखाना आहे. आणि इथे तिला काम तरी काय उरलंय?" थोरली म्हणाली, "ने बाई ने. आम्ही काय गादीत भरून ठेवणार होतो तिला?" आणि मागच्या खोलीत जाऊन उगाचच कापसाचं पोतं इकडचं तिकडे केलं.

त्या आठवड्यात तिला माईकची आठवण झाली.

नात नोकरीला दूर जाण्याआधी घरातल्या कॉम्प्युटरवर मुलांच्या शिकवण्या घ्यायची. टेबलावर बोटाएवढा काळा माईक, इवल्या पायावर उभा. एकदा गंमत म्हणून तिने मोठे हेडफोन धाकटीच्या कानांवर चढवले, आवाज वाढवला आणि माईकमध्ये हळूच म्हणाली, "धाकटी आजी, चहा?" धाकटी दचकून म्हणाली, "घेईन की. ओरडतेस कशाला?" सगळे हसले होते. थोरली हसली नव्हती, कारण नात अगदी कुजबुजली होती. कुजबुजलेलं धाकटीला ऐकू गेलं होतं!

मग नात गेली, कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकला, माईक मात्र खणात राहिला. दिराचा, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याचा, जुना अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावर होता. गाणी ऐकायचं वेड होतं त्याला; हेडफोन त्याचेच. मंगळवारी थोरलीने स्टूल लावून सगळं स्वतः खाली काढलं, पुसलं, मुलाकडून माईकच्या पिनेला जाड पीन जोडून घेतली आणि अ‍ॅम्प्लिफायरला लावला. दिवा लागला. हेडफोन स्वतःच्या कानांवर घालून तिने माईकमध्ये "हॅलो" म्हटलं. कानात नुसती घूं घूं. पुन्हा म्हटलं. टिचकी मारली. जोरात टिचकी मारली. शेवटी जे म्हटलं ते माईकला ऐकू आलं असतं तर तो लाजला असता.

बुधवारी माईक, अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन पिशवीत घालून ती रेडिओवाल्याकडे गेली. रेडिओवाला तिच्याच वयाचा, दोन चष्म्यांचा; एक डोळ्यांवर आणि एक कपाळावर. दुकानात जागा एवढी की गिऱ्हाईक आत आलं की मालकाने श्वास रोखायचा.

"मेलाय हा," थोरली माईक पुढे ठेवत म्हणाली.

त्याने माईक हातात फिरवला. "हा कॉम्प्युटरचा."

"ते मलाही माहीत आहे. नातीचा आहे."

"मग अ‍ॅम्प्लिफायरला लावून बोलेल कसा? मेला नाही, उपाशी आहे."

"काय खातो?"

"वीज. ह्याच्या पोटात इवलासा भाग असतो, त्याला थोडी वीज लागते. कॉम्प्युटर ह्याच वायरीतून ती वर पाठवतो आणि ह्याच वायरीतून आवाज खाली घेतो. तुमचा हा अ‍ॅम्प्लिफायर जुन्या काळचा. त्याच्या काळचे माईक आपल्या बळावर बोलायचे. त्यामुळे तो नुसता कान लावून बसतो. देत काही नाही."

"माझ्या दिराचा आहे," थोरली म्हणाली. "मालकावर गेलाय."

रेडिओवाला हसला, त्यात कपाळावरचा चष्मा खाली घसरला. त्याने खणातून मलमाची रिकामी पत्र्याची डबी काढली, दोन पेन्सिल सेलांचा कप्पा काढला आणि चिमटीत धरायचे दोन बारके तुकडे टेबलावर ठेवले. थोरलीला प्रत्येक वस्तूचं नाव-गाव लागायचं, म्हणून तिने विचारलं, "हा कोण?"

"रेझिस्टन्स. सेलची वीज माईकला बेताबेताने सोडतो. एकदम देत नाही."

"म्हणजे सासू. आणि हा?"

"कपॅसिटर. हा दारावर बसणार. आवाजाला पुढे अ‍ॅम्प्लिफायरकडे जाऊ देणार, पण सेलच्या विजेला म्हणणार, तू घरातच थांब."

"हीपण सासूच. एका डबीत दोन सासवा, कसं व्हायचं माईकचं!"

त्याने कथलाचा डाख देऊन तारा जोडल्या. डबीच्या एका बाजूला माईकची पीन घालायचं भोक, दुसऱ्या बाजूने अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी लांब वायर. सेल बसवले, हेडफोन थोरलीच्या कानांवर ठेवले, आणि पाठ वळवून माईकमध्ये पुटपुटला. थोरलीच्या कानात तो अगदी गालाला गाल लावल्यासारखा बोलला, "बाई, कुणाशी बोलायचंय एवढं?"

तिने हेडफोन ओढून काढले. "नातीला लागतोय," ती म्हणाली. दुसरा कुणी असता तर त्याला तिने चोंबडा म्हटलं असतं. पण डबी अजून त्याच्या हातात होती.

"सेल सहा महिनेही जातील. सारखे काढू-घालू नका," तो म्हणाला.

सेल हा खर्चाचा माल, आणि खर्चाच्या बाबतीत थोरलीने आजवर कुठल्याच पुरुषाचं ऐकलं नव्हतं. घरी येऊन तिने मागच्या खोलीत एकटीने डबी लावली, हेडफोन घातले. खोली एकदम भरून आली. कापसावर हात ठेवला तर कापूस बोलला. दोरा ओढला, दोरा बोलला. आपण एवढा मोठा श्वास घेतो हे तिला या वयात कळलं. ती माईकपाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "आली." पलीकडे कुणी नव्हतं, गादीही नव्हती. मग तिने डबी उघडली, दोन्ही सेल काढून पदराच्या गाठीत बांधले. उगाच झिजायला नकोत.

शुक्रवारी दुपारी तिने नवीला दोऱ्याची रिळं आणायला मुद्दाम लांबच्या दुकानात धाडलं. चौकटीत नवी गादी उभी होती, धाकटीने बरोबर न्यायची. कापूस थोरलीने स्वतः निवडला होता, एक गाठ ठेवली नव्हती.

"माझ्यासाठी एवढी भरलीत? मुलीकडे पलंग आहेत की," धाकटी मोठ्याने म्हणाली. कान गेल्यापासून ती नेहमी मोठ्यानेच बोलायची.

थोरलीने तिचा हात धरला आणि चौकटीच्या पलीकडच्या पाटाकडे बोट दाखवलं.

धाकटी उभीच राहिली. तिने तळहाताकडे पाहिलं, जिथे तिळाएवढा पांढरा डाग होता. मग मान हलवली. नको. थोरलीने हेडफोन दाखवले. धाकटीने ते ओळखले, नवऱ्याचे होते. तिने हात पुढे करून ते घेतले, पदराने हेडफोनचा एक एक कान पुसला आणि डोक्यावर चढवून पाटावर जाऊन बसली.

थोरली आपल्या अंगाला आली. घाईघाईने गाठ सोडली, सेल डबीत कोंबले, माईक गादीच्या दोऱ्याने गळ्यात बांधला, अ‍ॅम्प्लिफायर लावला. मधे गादी. तोंड दिसत नव्हतं. आता.

ती बोलायला लागली. दोन वर्षं मनात घोळवलेलं होतं, भरभर आलं. तू गिऱ्हाईकासमोर बोललीस, ते काही बरं केलं नाहीस. ओळ वाकडी असेल, पण ते मला एकटीला सांगायचं. आणि त्या दिवसांत माझी कंबरही दुखत होती, ते कुणी विचारलं का? आणि तुझे कान जातच चालले होते, म्हटलं ओरडून काय उपयोग. आता राग आला की माणूस गप्प बसतं, तसं मी बसले, त्यात माझं एकटीचं काय... असं ती गोल गोल फिरत राहिली, आणि शेवटी कुठेतरी मधे, दोन वाक्यांच्या बेचक्यात, म्हणून टाकलं की त्या दिवशी मी "आली" म्हटलं नव्हतं.

पलीकडून काही आलं नाही.

घाम पुसून थोरली थांबली. मग पलीकडून धाकटीचा मोठा आवाज आला, "जाऊबाई, गुणगुणतंय नुसतं! तुम्ही बोलताय का काही?"

थोरलीने कपाळावर हात मारला. डबी उघडली. एक सेल उलटा बसला होता. जन्मभर टॉर्चमध्ये सेल घातले, कधी चुकली नव्हती. ती उलटा सेल हातात धरून बसली. दोन वर्षांचं सगळं बोलून झालं होतं, एवढी कंबर, एवढे कान, आणि त्यातलं एक अक्षर पलीकडे गेलं नव्हतं. आणि आत्ता तिला ते ऐकू आलं, जसं बोलली तसं. सगळं बोलणं धाकटीच्याच अंगावर ढकललेलं. बरं झालं उपाशी होता मेला, असं तिच्या मनात आलं.

तिने सेल सुलटा केला. सुईत दोरा होताच. कापडावर टोक टेकवलं आणि कुजबुजली, "आली."

पलीकडे पाट करकरला. सुई अर्ध्यात पोहोचली, टोक बाहेर निघालं असेल, आणि कुणीतरी ती हळूच ओढून घेतली. दोरा सरसरत आत गेला, ताणला गेला.

"घेतली," धाकटी म्हणाली. मोठ्याने नाही. पूर्वी म्हणायची तसं. कानात आवाज येत होता, तसा तिचा स्वतःचा खाली उतरला होता.

एक ओळ झाली. दुसरी झाली. दोघींच्या हातांना अंतरं पाठ होती. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर पलीकडून आवाज आला, "एवढ्यासाठीच लावलंत का हे सगळं?"

थोरलीच्या हातात सुई होती. तिने ती कापडात खोचून ठेवली.

"त्या दिवशी मी 'आली' म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. यावेळी कंबर नाही, गिऱ्हाईक नाही.

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"माहीत आहे," धाकटी म्हणाली.

"माहीत? कधीपासून?"

"घुसली तेव्हापासून. तेव्हा एक कान होता की मला थोडा. नऊ वेळा तुम्ही काही म्हणाला नाहीत. मी मोजत होते."

"आणि मग कान गेले म्हणालीस ते?"

"मी म्हटलं, आता तरी म्हणतील, 'नाही गं, तुझे कान नाही गेले.' तुम्ही दोरा ओवायला घेतलात."

थोरलीने कापडात खोचलेली सुई उगाच काढली, परत खोचली.

"मग मी वाट बघत होते," धाकटी सांगत होती, हळू, नेमकं. "आज म्हणतील, उद्या म्हणतील. आणि मग खरंच ऐकू येईनासं झालं. मग मला वाटायला लागलं, जाऊबाई म्हणाल्याही असतील एखाद्या दिवशी. कापूस मोकळा करताना पाठीमागून म्हणाल्या असतील. मलाच ऐकू आलं नसेल."

दाराशी धाकटीचं सामान बांधून ठेवलं होतं. एक ट्रंक, एक वळकटी, बटणांचा डबा. उद्या दहाला गाडी. थोरलीने ते एकदा पाहिलं आणि परत गादीकडे तोंड केलं, कापडाच्या इतक्या जवळ की नव्या कापसाचा वास नाकात गेला.

"नव्हते म्हणाले," ती माईकमध्ये म्हणाली. "एकदाही नाही. तुझे कान बरोबर होते."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग धाकटी म्हणाली, "सुई द्या. सहा वाजतील अशाने."

थोरलीने सुई काढली. कापडाला लावली. "आली."

"घेतली. आणि ही ओळ वाकडी चाललीय."

"चालू दे! तुझीच गादी आहे. तुलाच टोचेल."

"टोचली तर तुमची आठवण येईल," धाकटी म्हणाली.

थोरलीला समोरचा टाका दिसेना. तिने डोळे पुसले. पदराला कापूस होता, तो पापण्यांना चिकटला, आणखीच दिसेना. गादीच्या तिच्या अंगाला कापड फुगलं, टोक निघालं, सुई अर्धी बाहेर येऊन थांबली. चकचकीत, वाट बघत.

"आली," धाकटी म्हणाली.

थोरलीने तोंड उघडलं. आवाज निघेना.

"आली म्हटलं!"

नाहीच निघाला.

"बहिऱ्या झालात का, जाऊबाई?"

थोरलीने सुई धरली, हळूच ओढली, दोरा पूर्ण ताणून घेतला. सात ओळी राहिल्या होत्या. तिने ठरवलं, प्रत्येक टाका सावकाश घालायचा.

"घेतली गं बाई," ती म्हणाली, "घेतली."